सापडलेल्या फितीचा पुरावा : ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) आणि त्याचा प्रभाव

प्रस्तावना

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काही ओळी उमटतात. ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात माहितीपटाचे चित्रीकरण करीत असताना तीन विद्यार्थी नाहीसे झाले आणि वर्षभराने त्यांनी चित्रित केलेल्या फिती सापडल्या, एवढीच माहिती त्यांत आहे. त्यानंतरची सुमारे ऐंशी मिनिटे प्रेक्षक त्या कथित फितीच पाहत असतो. निवेदक नाही, पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, आणि जिच्या नावाने चित्रपट ओळखला जातो ती चेटकीण तर एकदाही दिसत नाही. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन तरुण दिग्दर्शकांच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या चित्रपटाने १९९९ च्या उन्हाळ्यात एकट्या अमेरिकेत सुमारे १४ कोटी डॉलर आणि जगभरात मिळून २४ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. त्याच्या चित्रीकरणाचा मूळ खर्च ३५ ते ६० हजार डॉलरच्या दरम्यान सांगितला जातो.

खर्च आणि उत्पन्न यांतील ही तफावत इतकी विलक्षण आहे की चित्रपटावरील बहुतेक लेखन तिच्यापाशीच थांबते. हलणारा कॅमेरा, अनोळखी कलाकार आणि अल्प भांडवल ही त्याच्या यशाची सूत्रे म्हणून पुन्हा पुन्हा मांडली जातात. पण हलता कॅमेरा १९९९ पूर्वीही होता आणि अल्प भांडवलाचे भयपट तर त्याहून जुने. या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व त्याने पुराव्याशी केलेल्या व्यवहारात आहे. तारीख, ठिकाण, साक्षीदाराची जबानी, जुना ग्रंथ, हरवलेल्या माणसाचे खरे नाव ही इतिहासकाराची साधने त्याने एका कल्पित कथेच्या सेवेला जुंपली. या व्यवहाराची किंमत काही हयात माणसांना मोजावी लागली, आणि तिचा हिशेब पंचवीस वर्षांनंतरही मिटलेला नव्हता. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचा व त्याच्या प्रभावाचा विचार याच बाजूने केला आहे.

पूर्वपीठिका

कल्पित कथा सापडलेल्या कागदांच्या रूपाने सांगण्याची युक्ती साहित्यात जुनी आहे. एडगर ॲलन पो यांनी १८३३ मध्ये बाटलीत सापडलेल्या हस्तलिखिताची कथा लिहिली. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी तर रोजनिशी, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांची कात्रणे यांतूनच उभी राहते. तथापि कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते. वाचक आणि लेखक यांच्यातील करार त्यामुळे शाबूत राहतो.

नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांनी हा करार सैल केला. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या आक्रमणाची कथा बातमीपत्राच्या थाटात नभोवाणीवर सादर केली. त्यामुळे देशभर घबराट पसरल्याची जी हकिकत प्रसिद्ध आहे ती वृत्तपत्रांनी बरीच फुगविलेली होती, असे पुढील संशोधकांचे मत आहे. म्हणजे खोट्या बातमीविषयीची बातमीही पुरती खरी नव्हती. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी ब्रिटनच्या बीबीसीने ‘घोस्टवॉच’ नावाचे भुताटकीचे नाटक थेट प्रक्षेपणासारखे दाखविले. त्यात मायकेल पार्किन्सन हे परिचित निवेदक स्वतःच्याच नावाने वावरत होते. प्रेक्षकांच्या तक्रारींचा असा काही भडिमार झाला की बीबीसीने तो कार्यक्रम पुन्हा कधी प्रक्षेपित केला नाही. खऱ्या माणसाचे खरे नाव हाच येथे सर्वांत मोठा पुरावा ठरला होता, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चित्रपटापुरते पाहता, या प्रकाराचा आरंभ सामान्यतः रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) पासून मानला जातो. ॲमेझॉनच्या अरण्यात नाहीशा झालेल्या चित्रपथकाच्या फिती सापडतात, अशी त्याची कल्पना. कलाकारांनी काही काळ लोकांसमोर येऊ नये अशी अट त्यांच्या करारात होती. ती इतकी यशस्वी झाली की कलाकारांना खरोखरच ठार मारल्याचा संशय दिग्दर्शकावर आला आणि ते जिवंत असल्याचे त्याला इटलीतील न्यायाधिकाऱ्यांपुढे दाखवून द्यावे लागले. चित्रपटात प्राण्यांची हत्या मात्र खरी होती, आणि त्याचा निषेध आजही रास्त आहे. १९९८ मध्ये स्टीफन अवॅलॉस आणि लान्स वीलर यांचा ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ हा असाच, पण घरच्या संगणकावर संकलित केलेला चित्रपट आला. तो उपग्रहाद्वारे चित्रपटगृहांत पोहोचविण्यात आला होता. तंत्राच्या इतिहासात त्याला स्थान आहे, लोकस्मृतीत मात्र फारसे नाही.

‘फाउंड फुटेज’ या संज्ञेविषयीही येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. प्रायोगिक चित्रपटांच्या परंपरेत या संज्ञेचा अर्थ वेगळा होता. इतरांनी टाकून दिलेल्या किंवा जुन्या फिती गोळा करून त्यांतून नवी कलाकृती रचणे, असा तो अर्थ. जोसेफ कॉर्नेल यांची ‘रोझ होबार्ट’ (१९३६) आणि ब्रूस कॉनर यांची ‘अ मूव्ही’ (१९५८) ही त्याची उदाहरणे होत. त्यांतील फिती खरोखरच सापडलेल्या होत्या. भयपटाने संज्ञा घेतली आणि ‘सापडणे’ हेच कल्पित करून टाकले.

आठ दिवसांचे चित्रीकरण

मायरिक आणि सांचेझ हे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या चित्रपट विभागाचे विद्यार्थी. त्यांच्या संस्थेचे ‘हॅक्सन फिल्म्स’ हे नाव बेंजामिन क्रिस्टेन्सेन यांच्या १९२२ च्या, चेटूकविषयक मूकपटावरून घेतलेले आहे. तो मूकपटही माहितीपट आणि कल्पितकथा यांच्या सीमेवरचा आहे, ही गोष्ट सूचक म्हणावी लागेल.

हेदर डोनाह्यू, मायकेल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड या तिघांची निवड प्रामुख्याने उत्स्फूर्त अभिनयाची क्षमता पाहून करण्यात आली. लिखित संवाद नव्हते. सुमारे ३५ पानांचा एक आराखडा तेवढा होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडमधील सेनेका क्रीक या राज्य उद्यानात आठ दिवस चित्रीकरण झाले. रंगीत हाय-८ व्हिडिओ कॅमेरा आणि १६ मिलिमीटरचा कृष्णधवल फिल्म कॅमेरा अशी दोन यंत्रे कलाकारांच्याच हाती दिली होती; ती कशी चालवावीत हे त्यांना आधी शिकविण्यात आले. दिग्दर्शक त्यांच्यासोबत नसत. उपग्रहाद्वारे स्थान दर्शविणाऱ्या उपकरणाच्या मदतीने कलाकारांनी नेमून दिलेल्या जागी पोहोचावे, तेथे ठेवलेल्या पेटीत त्या दिवसाचे अन्न, नव्या फिती आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र चिठ्ठी असावी, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहू नये, अशी व्यवस्था होती. दिवसागणिक अन्नाचे प्रमाण कमी केले जाई. रात्री दिग्दर्शक तंबूभोवती फिरून आवाज करीत, लहान मुलांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवीत, तंबू हलवीत.

या पद्धतीचे परिणाम पडद्यावर दिसतात. हेदर आणि माइक यांची नकाशावरून जुंपलेली भांडणे, भुकेने आलेली चिडचिड, थंडीने बदललेले आवाज हे सारे निव्वळ अभिनय म्हणून दाखविता आले नसते. गावकऱ्यांच्या मुलाखतींतही काही माणसे खरी आणि काही दिग्दर्शकांनी पेरलेली होती. कोण कोणते हे कलाकारांना ठाऊक नव्हते. प्रेक्षकाला फसविण्याआधी चित्रपटाने आपल्या कलाकारांना अर्धवट फसविले होते, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. चित्रपटाचे छायालेखक एका अर्थी तेच, संवादलेखकही तेच. पण श्रेयनामावलीत आणि मोबदल्यात त्याची नोंद त्या प्रमाणात झाली नाही.

सुमारे वीस तासांच्या चित्रणातून संकलनाच्या टेबलावर चित्रपट तयार झाला, आणि यासाठी महिने लागले. आरंभीच्या योजनेत या फितींच्या भोवती तज्ज्ञांच्या मुलाखती, जुनी वृत्तपत्रे, पोलीस तपास असे माहितीपटाचे वेष्टण होते. संकलन करताना दिग्दर्शकांनी ते सारे काढून टाकले. उरल्या त्या केवळ फिती. हा निर्णय निर्णायक ठरला. वेष्टण चित्रपटातून बाहेर पडले, पण वाया गेले नाही. ते चित्रपटाबाहेरच्या जगात पसरले.

चेटकीण न दिसण्याविषयीही बरेच बोलले जाते. तिला न दाखविण्याचा संयम हे दिग्दर्शकांचे मोठेपण मानले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि एका रात्रीच्या पळापळीत पांढऱ्या वेशातील एक व्यक्ती झाडीत उभी केलेली होती. धावण्याच्या गडबडीत कॅमेरा तिकडे वळलाच नाही, असे निर्मात्यांकडूनच पुढे सांगण्यात आले. अखेरच्या प्रसंगात माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा दिसतो आणि हेदरच्या हातातला कॅमेरा जमिनीवर पडतो. वितरकांना हा शेवट संदिग्ध वाटला. पर्यायी शेवट चित्रित झाले, पण दिग्दर्शकांनी मूळचाच ठेवला. त्याऐवजी आरंभीच्या भागात एका गावकऱ्याची जबानी घातली : मुलांचा खून करणारा मारेकरी एका मुलाला कोपऱ्यात उभे करून दुसऱ्याला मारीत असे. एका वाक्याच्या साक्षीने शेवटच्या दृश्याचा अर्थ फिरला. जबानी कोठे ठेवावी यावर तिचे वजन कसे ठरते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

बनावट बखर आणि खरे गाव

चित्रपटाभोवती रचलेली कालानुक्रमणिका पाहण्यासारखी आहे. १७८५ मध्ये ब्लेअर नावाच्या वसाहतीत एली केडवर्ड या स्त्रीवर मुलांचे रक्त काढल्याचा आरोप होतो आणि तिला ऐन हिवाळ्यात हद्दपार केले जाते. पुढच्याच वर्षी गावातील मुले नाहीशी होऊ लागतात. १८०९ मध्ये या प्रकरणावर एक दुर्मीळ ग्रंथ प्रसिद्ध होतो. १८२५ मध्ये एक मुलगी ओढ्यात ओढली जाते, १८८६ मध्ये शोधपथक मारले जाते, १९४० च्या सुमारास रस्टिन पार नावाचा एकांतवासी इसम सात मुलांना पळवितो. यांतील एकही घटना घडलेली नाही. ग्रंथही कोणी लिहिला नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही रचना पहिल्याच पायरीवर खटकावयास हवी. ब्रिटिश संसदेने १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच मोडीत काढला होता. सेलमची कुप्रसिद्ध प्रकरणे १६९२ मधील आहेत. खुद्द मेरीलँडमध्ये रिबेका फाउलर या स्त्रीला चेटकाच्या आरोपावरून फाशी झाली ती १६८५ मध्ये. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यानंतर दोन वर्षांनी तेथील वसाहतीने चेटकिणीचा न्यायनिवाडा करावा, ही कल्पना शंभर वर्षांनी चुकलेली आहे. पण कालविपर्यास लक्षात यायला काळाची जाण लागते, आणि ती नसलेल्या वाचकाला तारीख जितकी नेमकी तितकी ती खरी वाटते. अस्सल कागद आणि बखर यांतील भेद राजवाड्यांपासून शिकत आलेल्या मराठी वाचकाला हे नवे नाही. नवे एवढेच, की येथे बखर लिहिणाऱ्यांनी सोबत बनावट कागदांचे दप्तरही तयार केले. पोलिसांची छायाचित्रे, हेदरची रोजनिशी, सापडलेल्या पिशव्या, गाडीचे चित्र असा सारा सरंजाम त्यात होता. त्याच वर्षी हे दप्तर पुस्तकरूपानेही विकले गेले.

बर्किट्सव्हिल हे गाव मात्र खरे आहे. जेमतेम दीड-दोनशे वस्तीचे हे गाव साउथ माउंटनच्या पायथ्याशी वसले आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १४ सप्टेंबर १८६२ रोजी जवळच्या क्रॅम्प्टन्स गॅप या खिंडीत लढाई झाली आणि गावातील चर्चमध्ये जखमी सैनिकांसाठी रुग्णालये उघडावी लागली. त्या खिंडीतच युद्धवार्ताहरांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये उभारलेली एक भव्य कमान आहे. रणांगणावरून खरी बातमी पाठविणाऱ्यांचे असे स्मारक ज्या गावाच्या डोक्यावर उभे आहे, त्या गावाची जगाला ओळख झाली ती न घडलेल्या बातमीने. १९९९ नंतर तेथे हौशी प्रवाशांची रीघ लागली. गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या. नसलेल्या चेटकिणीच्या शोधात लोक दफनभूमीत हिंडू लागले. आणि विशेष म्हणजे चित्रपटातील जंगल या गावाजवळचे नव्हतेच. सेनेका क्रीक हे शेजारच्या माँटगोमेरी परगण्यात आहे.

१९९९ चा उन्हाळा

चित्रपटाचे संकेतस्थळ हॅक्सनने १९९८ मध्येच सुरू केले होते. त्यावर चित्रपटाची जाहिरात नव्हती, तर वर सांगितलेले दप्तर होते. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपटाचा मध्यरात्रीचा खेळ झाला. महोत्सवाच्या गावात तीन विद्यार्थी हरवल्याची पत्रके लावली गेली. आर्टिझन एंटरटेनमेंट या वितरणसंस्थेने सुमारे ११ लाख डॉलरला चित्रपट विकत घेतला, संकेतस्थळ वाढविले आणि प्रसिद्धीवर मूळ निर्मितिखर्चाच्या कितीतरी पट रक्कम ओतली. त्यामुळे ‘काही हजारांत कोट्यवधी’ ही आख्यायिका जपून वापरावी लागते. अल्प खर्च हाही प्रसिद्धीचाच एक मुद्दा होता. जुलैमध्ये साय-फाय वाहिनीवर या चेटकिणीच्या शापाविषयीचा ‘माहितीपट’ दाखविला गेला. १४ जुलैला मोजक्या चित्रपटगृहांत आणि ३० जुलैला देशभर चित्रपट प्रदर्शित झाला. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर तो झळकला.

हे सारे त्याच वर्षी का शक्य झाले, याचे उत्तर आंतरजालाच्या त्या काळच्या अवस्थेत आहे. आंतरजाल पुरेसे पसरले होते. त्यावरील मजकूर पडताळण्याची सवय मात्र रुजलेली नव्हती. विकिपीडिया २००१ चा, यूट्यूब २००५ चा. चित्रपटविषयक माहितीच्या एका प्रतिष्ठित संकेतस्थळावर या तीन कलाकारांची नोंद ‘बेपत्ता, बहुधा मृत’ अशी करण्यात आली होती. शंका आलेल्या प्रेक्षकाने जेथे खातरजमा करावयाची, तेथेच बनावट साक्ष बसविलेली होती. सर्वच प्रेक्षक फसले असे मात्र नव्हे. अनेकांनी खेळ ओळखून त्यात भाग घेतला, आणि कित्येकांना चित्रपट पाहून भय वाटण्याऐवजी डोळे गरगरले. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या चाचणीत त्याला ‘सी प्लस’ एवढीच श्रेणी मिळाली, तर समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी पूर्ण चार तारे दिले. हेदर डोनाह्यू यांना वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्रीचे ‘रॅझी’ हे उपहासात्मक पारितोषिक मिळाले. आठ दिवस अर्धपोटी राहून कॅमेरा चालवीत अभिनय करणाऱ्या स्त्रीवर झालेला हा विनोद आता वाचताना हसू येत नाही.

वारसा

तात्काळ अनुकरण अपेक्षेपेक्षा कमी झाले. जो बर्लिंजर यांनी दिग्दर्शित केलेला २००० चा दुसरा भाग नेहमीच्या पद्धतीने चित्रित केलेला होता आणि तो फसला. विडंबने मात्र भरपूर निघाली. रडवेल्या डोळ्यांनी, नाक गळत असताना हेदर कॅमेऱ्यापुढे सर्वांच्या आयांची क्षमा मागते, तो प्रसंग ‘स्केरी मूव्ही’ (२०००) ने लगेच थट्टेवारी नेला. या प्रकाराला खरी भरती आली ती २००७ च्या आसपास, आणि तिचे कारण चित्रपटाबाहेर होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची कितीतरी दृश्ये सामान्य नागरिकांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली होती. धुळीचा लोट अंगावर येत असताना पळणाऱ्या माणसाच्या हातातील थरथरणारे चित्र ही आपत्तीची ओळखीची भाषा झाली होती. मॅट रीव्ह्ज यांच्या ‘क्लोव्हरफील्ड’ (२००८) मध्ये न्यूयॉर्कवर राक्षस चालून येतो, पण चित्रणाची रीत त्या सप्टेंबरचीच आहे. जौमे बालागेरो आणि पाको प्लाझा यांच्या स्पेनमधील ‘रेक’ (२००७) ने ‘कॅमेरा का चालू ठेवला?’ या प्रश्नाचे उत्तर शोधले : चित्रण करणारे वृत्तवाहिनीचे पथकच आहे आणि ते बार्सिलोनातील एका इमारतीत कोंडले गेले आहे.

हा प्रश्न या प्रकाराचे जुने दुखणे आहे. जीव धोक्यात असताना माणूस चित्रण का करील? मूळ चित्रपटाने त्याचे उत्तर स्वभावात शोधले होते. कॅमेऱ्यातून पाहिले की समोरचे तितकेसे खरे वाटत नाही, म्हणूनच हेदरला तो हवासा वाटतो, असे जोश तिला एकदा सुनावतो. पुढील अनुकरणांपैकी फार थोड्यांनी या उत्तराची खोली गाठली.

ओरेन पेली यांनी २००६ मध्ये सान डिएगोतील स्वतःच्याच घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केलेला ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (सार्वत्रिक प्रदर्शन २००९) हा थेट वारसदार. त्याने मूळ पद्धत उलटी केली. कॅमेरा हलत नाही. तो शयनगृहात तिवईवर रात्रभर उभा आहे आणि कोपऱ्यातील वेळेचे आकडे सरकत आहेत. भीती त्या आकड्यांत आहे. कलाकारांनी स्वतःचीच नावे वापरली आहेत आणि आरंभी त्यांच्या कुटुंबीयांचे व स्थानिक पोलिसांचे आभार मानलेले आहेत. खऱ्या नावाची युक्ती येथे पुन्हा दिसते, पण आता ती फसवणूक राहिलेली नव्हती. प्रेक्षकालाही माहीत असलेला तो एक संकेत झाला होता. जपानमध्ये कोजी शिराइशी यांचा ‘नोरोई’ (२००५), नॉर्वेत आंद्रे ओव्रेदाल यांचा ‘ट्रोलहंटर’ (२०१०) अशा चित्रपटांनी आपापल्या लोककथा या साच्यात घातल्या. टाळेबंदीच्या काळात रॉब सॅव्हेज यांनी ‘होस्ट’ (२०२०) हा चित्रपट झूमवरील संभाषणाच्या रूपात केला. कलाकार आपापल्या घरी, स्वतःच स्वतःचे चित्रण करीत होते. सेनेका क्रीकची पद्धत तेवीस वर्षांनी सक्तीने परत आली.

भारतात हे रूप मुंबईच्या हिंदी चित्रपटात आले, आणि त्याचा सर्वोत्तम उपयोग भुताविना झाला. दिबाकर बॅनर्जी यांच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०) या चित्रपटातील तीन कथा विद्यार्थ्याचा कॅमेरा, दुकानातील निगराणीचा कॅमेरा आणि छुपा कॅमेरा यांतून दिसतात. पहिल्या कथेतील चित्रपटाचा विद्यार्थी आणि त्याची पत्नी यांची मुलीच्या घरच्यांकडून हत्या होते. फीत सापडते, पण रहस्य असे काहीच उरत नाही; अशा हत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात. पुढच्याच वर्षी आलेल्या पवन कृपलानी यांच्या ‘रागिणी एमएमएस’ (२०११) मध्ये भूत आहे, आणि ते मराठी बोलते. मुंबईबाहेरच्या एका घरात छुप्या कॅमेऱ्यांसमोर सापडलेल्या जोडप्याला ते भूत आपण चेटकीण नसल्याचे सांगत राहते. चित्रपटाचा डोळा अधिक करून तिकीटबारीवर होता आणि कॅमेऱ्याची नजर बहुतांशी लंपट आहे. तरीही ही एक कल्पना मूळ चित्रपटाच्या पुढे जाणारी आहे. मेरीलँडच्या बनावट बखरीत एली केडवर्डला स्वतःची बाजू मांडायला एकही वाक्य मिळालेले नाही. तिच्यावरील आरोप गावाने केला आणि चित्रपटाने तो खरा धरला. ज्या महाराष्ट्रात २०१३ मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला, तेथे चेटकीण ठरविलेल्या बाईचे म्हणणे ही लोककथेतील बाब उरत नाही.

तीन नावे

कल्पित कथेतील पात्रांना कलाकारांचीच नावे देणे हे चित्रपटाचे सर्वांत प्रभावी साधन होते. नाव खोटे असते तर शोध घेणाऱ्याला ते कोठेच सापडले नसते. नाव खरे असल्यामुळे त्या नावाची मुलगी, तिचे शिक्षण, तिचे कुटुंब सारे सापडत होते, फक्त ती स्वतः दिसत नव्हती. प्रदर्शनापूर्वी कलाकारांना प्रसिद्धीपासून दूर ठेवण्यात आले होते. जगातील सर्वाधिक चर्चेच्या चित्रपटात काम केले असताना त्यांनी आपण हयात असल्याचे जाहीर करू नये, अशी ती अपेक्षा होती. हेदर यांच्या आईला ओळखीच्या माणसांकडून सांत्वनाची पत्रे आली. १९८० मध्ये कलाकार जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची पाळी दिग्दर्शकावर आली होती. १९९९ मध्ये ती कलाकारांवरच आली.

चित्रपटाने मिळविलेल्या कोट्यवधींच्या मानाने तिघांच्या हाती आलेला वाटा नगण्य होता. आपली नावे व प्रतिमा दुसऱ्या भागासाठी संमतीविना वापरल्याच्या कारणावरून ते २००० मध्ये वितरणसंस्थेविरुद्ध न्यायालयात गेले. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. आर्टिझन ही संस्था २००३ मध्ये लायन्सगेटने विकत घेतली आणि चित्रपटाचे हक्क तिच्याकडे गेले. २०१६ मध्ये ॲडम विंगार्ड यांचा ‘ब्लेअर विच’ प्रदर्शित झाला. त्याचा नायक बेपत्ता हेदरचा भाऊ दाखविला आहे. म्हणजे एका हयात स्त्रीच्या नावाचे मृत पात्र सतरा वर्षांनंतरही कथेला पुरवठा करीत होते. दरम्यान त्या स्त्रीने अभिनय सोडला आणि पुढे आपले नावही बदलले.

एप्रिल २०२४ मध्ये या मालिकेतील नव्या चित्रपटाची घोषणा होताच तिन्ही कलाकारांनी लायन्सगेटला उद्देशून जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. त्यात तीन मागण्या होत्या. अभिनेत्यांच्या संघटनेमार्फत योग्य प्रतिनिधित्व लाभले असते तर जे मानधन मिळाले असते ते मागील आणि पुढील काळासाठी मिळावे, ही पहिली. आपली नावे किंवा प्रतिमा ज्यात येतील असे वाटते त्या पुढील प्रत्येक कामात आपल्याशी विचारविनिमय व्हावा, ही दुसरी. तिसरी मागणी त्यांनी स्वतःसाठी केलेली नाही : पहिला चित्रपट करू पाहणाऱ्या एखाद्या अज्ञात चित्रपटकर्त्याला संस्थेने दरवर्षी ६० हजार डॉलरचे अनुदान द्यावे. मूळ चित्रपटाचा खर्च तेवढाच होता, हे त्यांनी आकड्यासोबतच नोंदविले आहे.